ह्या पत्त्यावर विश्वास ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. घराचा नव्हे, इंटरनेटवरचा. जाणकार मंडळी मला डोमेन म्हणतात. तुम्ही फळ्यावरच्या खडूचे मनोगत वाचले असेल, फाटक्या पुस्तकाचे वाचले असेल, मोडक्या छत्रीचे तर स्वतः लिहिलेही असेल. माझे मनोगत लिहा, असे आजवर कोणत्याही परीक्षेत कोणी विचारलेले नाही. मला रंग नाही, वास नाही. मी पडलो तर आवाज होत नाही आणि झिजलो तर दिसत नाही. त्यामुळे माझ्याकडे कोणी बघत नाही. माझी सगळी तक्रार तिथूनच सुरू होते.

माझे नाव समपाऊल. त्यापुढे एक ठिपका आणि ठिपक्यापुढे आणखी थोडी अक्षरे. समपाऊल हे एका बुटांच्या दुकानाचे नाव. साधे बूट तिथे मिळत नसत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, पाऊल आत वळलेले आहे किंवा टाच टेकत नाही, अशा माणसांसाठी तिथे मापाचे बूट बनत. दुकान दोन भावांचे. थोरल्याला सगळे दादा म्हणत. ते मागच्या खोलीत लाकडी फर्म्यावर चामडे ताणून बसवत आणि तोंडात बारीक खिळे धरून बोलत, त्यामुळे त्यांचे निम्मे बोलणे कोणाला कळत नसे. दादांची बायको, म्हणजे वहिनी, पुढचे काउंटर आणि सगळा पत्रव्यवहार सांभाळत. आणि धाकटा भाऊ, ज्याला घरीदारी सगळे धाकटाच म्हणत, तो संगणकाचे काही निघाले की हातातले काम टाकून पुढे धावत असे.

माझा जन्म त्या काउंटरवर झाला. धाकटा एका दुपारी नावे शोधत बसला होता. पहिले नाव दुसऱ्या कोणाचे निघाले, दुसरेही निघाले. मग तो खुर्चीतून उडालाच.

"वहिनी, समपाऊल मोकळं आहे! घेऊ?"

"घे की. विचारत काय बसलास?"

"घेतलं!" तो मागच्या खोलीकडे तोंड करून ओरडला. "दादा, नाव घेतलं आपण!"

"हं," दादा खिळ्यांतून म्हणाले.

धाकट्याचा तो 'घेतलं' हा शब्द मला पुढे फार महागात पडला. माझ्यासारख्या पत्त्याला कोणी कायमचा विकत घेत नसतो. नोंदणी करणारी एक कंपनी असते, ती मला ठरावीक मुदतीसाठी तुमच्या स्वाधीन करते. मुदत संपण्याआधी नोंदणी वाढवली तर मी तुमचा, नाहीतर मी रस्त्यावर. धाकट्याला हे माहीत होते. त्याने ते कोणाला समजावून सांगितले नाही, कारण तो स्वतः तिथे होता, आणि आपण कधी इथे नसू हे त्याच्या मनातही नव्हते. दादा आणि वहिनी मात्र मला शिलाई यंत्रासारखे आपल्या मालकीचे धरून चालले.

धाकटा होता तोवर मला कसलीही ददात नव्हती. त्याने माझ्या खात्याला लांबलचक पासवर्ड लावला. पासवर्ड कोणाला कळला तरी आत जाता येत नसे, कारण त्याच्या फोनवर येणारा आकडाही सांगावा लागे. वर त्याने माझ्यावर एक कुलूपही चढवले होते, म्हणजे मला परस्पर दुसऱ्या कंपनीकडे कोणी हलवू नये. मुदत आपोआप वाढावी म्हणून स्वतःचे कार्ड जोडून ठेवले होते. ह्यातले काहीच दिसत नसल्यामुळे त्याचे कौतुकही कोणी केले नाही.

कौतुक झाले ते माझे. दुकानाच्या पाटीवर मी आलो, प्रत्येक खोक्याच्या झाकणावर आलो आणि काउंटरवरच्या संगणकात माझी मेलपेटी तर दिवसभर उघडी असे. लांबच्या गावांतून मेल येऊ लागले. लोक कागदावर पाय ठेवत, भोवती पेन्सिल फिरवत आणि त्या आकृतीचा फोटो माझ्याकडे पाठवत. किती पाय मी वाहिले म्हणून सांगू! चित्रकलेचे एक निवृत्त सर होते, त्यांचा डावा पाय आखूड. ते नुसती रेघ मारून गप्प बसत नसत, बोटांना छायासुद्धा देत. वहिनी ते चित्र दादांना दाखवत आणि दादा म्हणत, "माप द्यायला सांगितलं तर प्रदर्शन भरवतोय हा माणूस." पण ते चित्र त्यांनी मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवले होते.

एका मुलीला तिची आई गिरकी म्हणे, कारण एका जागी उभे राहणे तिला ठाऊकच नव्हते. तिचे उजवे पाऊल आत वळलेले होते. तिची आई दर थोड्या महिन्यांनी नवी आकृती पाठवायची, कारण वाढत्या पायाला जुना बूट चावतो. वहिनी ताबडतोब उत्तर द्यायच्या. "आकृती मिळाली, बूट सुरू केला," एवढेच दोन शब्द, पण पलीकडची माणसे त्याची वाट बघत असत. सगळ्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की समपाऊलकडून मेल आला म्हणजे तो वहिनींचा.

वहिनींना माझा फार अभिमान. चामड्याच्या व्यापाऱ्याकडचे खाते, सामान पोहोचवणाऱ्यांकडचे खाते, बँक, जिथे जिथे मेलचा पत्ता विचारला जाई, तिथे तिथे त्या मलाच पुढे करत. कोणी त्यांचा खाजगी मेल मागितला तर त्यांना अपमान वाटे. "आमचं स्वतःचं आहे ना," त्या ठसक्यात म्हणत. हा ठसका मला आवडायचा. आज त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

झाले असे, की धाकट्याला पाय मोजणारे एक यंत्र दुकानात आणायचे होते. पाय काचेवर ठेवायचा, खालून प्रकाश फिरतो आणि माप तयार. दादांनी ऐकून घेतले नाही. धाकटा चार गिऱ्हाइकांसमोर तेच पुन्हा बोलला, तेव्हा दादांनी तोंडातले खिळे हातावर काढले आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले, "ह्याला बुटाला टाका घालता येत नाही. नुसती बटणं दाबता येतात."

धाकट्याने ते मनाला लावून घेतले. तेच यंत्र बनवणाऱ्यांकडे दुसऱ्या गावी त्याने नोकरी धरली. जायच्या दिवशी तो वहिनींशेजारी काउंटरवर बसला आणि माझे खाते त्यांच्या हवाली करू लागला. दोघा भावांची तोंडे दोन दिशांना होती.

"वहिनी, नाव माझं आहे नोंदणीत. ते बदलायला अर्ज करावा लागतो, तो मागाहून करू. आधी पासवर्ड बदला. कार्ड तुमचं घाला. आणि इथे मेल द्या, तुमचा स्वतःचा. बाहेरचा."

"बाहेरचा कशाला रे? दुकानाचा एवढा चांगला पत्ता आहे की."

"नाही वहिनी, त्याचं काय आहे..."

"सांगून झालं असेल तर गाडी गाठ म्हणावं," मागच्या खोलीतून आवाज आला.

धाकट्याचे तोंड उघडे होते, ते त्याने मिटले. पिशवी उचलली, वहिनींना वाकून नमस्कार केला आणि तो गेला. वहिनींनी डोळे पुसले आणि पडद्यावरच्या मेलच्या चौकोनात माझाच पत्ता लिहिला.

मित्रांनो, त्यांनी काय केले ते नीट समजून घ्या. माझ्याविषयी काही सांगायचे असेल तर कंपनी त्या चौकोनातल्या पत्त्यावर मेल पाठवणार. तो मेल माझ्यातूनच येणार. आणि मी बंद पडलो, की मी बंद पडल्याची बातमी आणायलाही मीच नसणार! पेटीची किल्ली पेटीतच टाकून झाकण लावावे, तसा हा प्रकार. पडद्यावर बारीक अक्षरांत सूचनाही आली होती, की शक्यतो ह्या नावाबाहेरचा पत्ता द्यावा. वहिनींनी ठीक आहे म्हणून टिचकी मारली. मी आतल्या आत बोंबललो. पुढचा चौकोन फोनचा होता, तिथे त्यांनी दुकानाचा जाड रिसीव्हरचा फोन दिला. त्यावर आकडा कसा येणार? तेव्हा तो आकडाही त्यांनी बंद करून टाकला. "रोजची कटकट नको बाई ती." पासवर्ड ठेवला दुकानाचे नाव आणि पुढे एक, दोन, तीन.

त्याच संध्याकाळी दुकानाचे शटर ओढल्यावर दादांनी कुलूप तीनदा खेचून बघितले. रोज बघत. पाटी दरवर्षी नव्याने रंगवून घेत. पाटीवरच्या 'स'ची कड खरवडली गेली, तर शिडी आणून स्वतः रंग लावला. मी त्याच 'स'पासून सुरू होतो, पण माझ्याकडे ढुंकून कोणी बघितले नाही.

ह्या सगळ्यावर कडी केली ती एका लबाडाने. माझ्याविषयी एक मेल आला. डोमेनची मुदत संपत आहे, आजच भरणा करा, नाहीतर सर्वस्व जाईल, अशी भाषा. माझी मुदत तेव्हा संपत नव्हती आणि ती कंपनीही माझी नव्हती. दादा घाबरून भरणा करायला निघालेच होते, इतक्यात वहिनींना कंपनीचे नाव वेगळे दिसले आणि त्यांनी त्यांचा हात धरला. तिथवर सगळे उत्तम झाले. खरे तर अशा वेळी मेलमधल्या दुव्याला हात न लावता स्वतः आपल्या खात्यात जावे आणि मुदत केव्हा संपते ते डोळ्यांनी बघावे. दोन मिनिटांचे काम. पण दादांचा पारा चढला होता.

"डोमेन हा शब्द असलेलं काही मला ह्यापुढे दाखवायचं नाही. सरळ कचऱ्यात टाक."

वहिनींनी मेलपेटीला तशी शिस्तच लावून दिली. डोमेन शब्द दिसला, की पत्र आपोआप कचऱ्यात. खोट्याबरोबर खरेही तिथेच पडू लागले. मध्यंतरी बँकेने वहिनींना नवे कार्ड दिले होते, जुने बंद झाले होते. ते माझ्या कंपनीला कळवायचे कोणाच्या डोक्यातच आले नाही. कंपनीने मुदत वाढवायचा प्रयत्न केला, कार्डाने नकार दिला. कंपनीने पत्र पाठवले. कचऱ्यात. पुन्हा पाठवले. कचऱ्यात. ती पत्रे मीच आणत होतो हो! स्वतःच्या हाताने स्वतःची सूचना आणून देत होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती टोपलीत जात होती. फोनही आला असता, पण तो जाड रिसीव्हरचा फोन वहिनींनी केव्हाच काढून टाकला होता.

मग एका सकाळी मी विझलो.

दुकानाच्या पानाच्या जागी भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. मेल येणे थांबले. आणि दुकानात कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. वहिनींच्या संगणकात जुने मेल जसेच्या तसे दिसत होते, नवे येत नव्हते एवढेच. "बाजार थंड आहे," दादा म्हणाले. वहिनींनी रिकाम्या वेळात फळ्या आवरल्या, खोकी पुसली. खोक्यावरचे माझे नावसुद्धा पुसले फडक्याने. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

हे असेच आणखी चालले असते, पण एके दिवशी गिरकीची आई गिरकीला घेऊन दारात उभी राहिली. लांबचा प्रवास करून आली होती आणि चांगलीच संतापलेली होती.

"दुकान चालू आहे होय? मला वाटलं, बंद केलंत."

"बंद कशाला करू?" वहिनी उठून पुढे आल्या. "आकृती पाठवली नाहीत तुम्ही ह्या वेळेला?"

"दोनदा पाठवली. दोन्ही वेळा मेल परत आला. तुमचं पान उघडलं तर तिथे कसल्या तरी जाहिराती. फोन करावा म्हटलं, तर खोक्यावरचा नंबर अस्तित्वातच नाही. आणि ही बघा कशी चालतेय."

गिरकी गिरकी घेत नव्हती. ती खुर्चीचा हात धरून एका जागी उभी होती. वहिनींनी खाली बसून तिचा बूट काढला. करंगळीच्या बाजूला कातडी सोलली गेली होती. वहिनींनी त्या पायाकडे बघितले, मग संगणकाकडे बघितले. दादा मागून आले. त्यांनी स्वतः माप घेतले आणि हातातले सगळे काम बाजूला सारून तिचा बूट आधी घेतला.

वहिनी माझ्या कंपनीच्या पानावर गेल्या. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. त्या एवढ्या गोंधळल्या होत्या, की एक, दोन, तीन त्यांना आठवेना. मग त्यांनी 'पासवर्ड विसरलात का?' वर टिचकी मारली. उत्तर आले, की नव्या पासवर्डचा दुवा तुमच्या मेलवर पाठवला आहे. वहिनी मेलपेटी उघडून बसल्या. ताजी केली. पुन्हा ताजी केली.

"येईल आता," त्या म्हणाल्या.

अहो वहिनी, कुठून येईल? तो मेल आणायचा मी, आणि मी तर बंद! पण माझे ऐकतो कोण. बराच वेळ बसल्यावर त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोके धरले. धाकटा त्या दिवशी तोंड उघडून काय सांगू बघत होता, ते त्यांना तेव्हा कळले.

त्यांनी कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती. मुदत संपून गेली असली तरी पत्ता अजून सुटलेला नाही, दंड भरून परत मिळू शकतो, पण ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनीच ओळखपत्रासह अर्ज करायला हवा. वहिनींनी दुकानाचा परवाना दाखवला, पाटीचा फोटो पाठवला, खोक्याचा पाठवला. बाईने सगळे बघितले आणि पुन्हा तेच म्हणाली. "नोंदणी ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच सांगा. आणि उशीर करू नका. सुटला, की तो जो आधी घेईल त्याचा."

आता सगळे धाकट्याच्या एका अर्जावर येऊन थांबले होते. वहिनींनी लगेच फोन लावला.

"करतो की वहिनी," धाकटा म्हणाला. "पण दादाने फोन करावा. त्याने स्वतः सांगितलं, की लगेच करतो."

"अरे, वेळ कसली आहे नि तू..."

"मला नुसती बटणं दाबता येतात ना? मग बटण दाबायला त्याला सांगू दे."

वहिनी मागच्या खोलीत गेल्या. दादा गिरकीचा बूट शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नाही करणार फोन. मी त्याला घालवलं नव्हतं, तो गेला."

माझा जीव तिळतिळ तुटत होता. वहिनींची तर सुपारीच झाली, अडकित्त्याच्या दोन पात्यांत सापडलेली. सकाळी ह्याला विनवायचे, दुपारी त्याला विनवायचे. धाकटा रोज वाट बघायचा, की आज दादाचा फोन येईल. दादा रोज वाट बघायचे, की धाकटा आपणहून करेल. दोघांनाही पत्ता हवा होता. दोघांनाही आधी दुसऱ्याने वाकायला हवे होते. आणि माझी उरलेली मुदत नळाच्या पाण्यासारखी वाहून चालली होती.

शेवटी वहिनी काउंटर सोडून आल्या आणि दादांच्या समोरचा फर्मा त्यांनी उचलून बाजूला ठेवला. असे त्यांनी आयुष्यात कधी केले नव्हते.

"उद्या तो पत्ता कुणा लुच्च्याच्या हातात पडला, तर तो आपल्या नावाने लोकांना मेल पाठवेल. गिरकीच्या आईला पाठवेल. लोक म्हणतील, वहिनींचा मेल आहे, आणि विश्वास ठेवतील. मी कमावलाय तो विश्वास. एकेका मेलने कमावलाय. तुम्हा दोघांच्या ताठ्यापायी मी तो घालवायचा का? मी?"

दादांनी तोंडातले खिळे काढले. फोन घेतला. पलीकडे पहिल्या घंटेलाच धाकट्याने उचलला.

"ये," दादा म्हणाले. एवढेच.

धाकटा अर्ज तिथूनच पाठवून मिळेल त्या गाडीने आला. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्याने काउंटरवरचा संगणक उघडला. दादा त्याच्या मागे उभे राहिले, वहिनी शेजारी. कंपनीचे उत्तर आले होते. ओळखपत्र बरोबर आहे, अर्जही बरोबर आहे, परंतु हा पत्ता आदल्याच दिवशी सुटला आणि सुटताक्षणी दुसऱ्या ग्राहकाने नोंदवला.

धाकट्याने ते उत्तर पुन्हा वाचले. दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझी चूक नाही." धाकटा म्हणाला, "माझीच आहे." वहिनी म्हणाल्या, "आता भांडू नका रे." मला पाटीवरून हे सगळे दिसत होते. दोन भाऊ एका खोलीत उभे होते ह्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला नुसता संताप येत होता. हेच दोन दिवस आधी केले असते तर?

माझा नवा मालक कोण, कुठला, मला माहीत नाही. अशा लोकांची यंत्रे टपून बसलेली असतात. मला कोणी चोरलेही नाही. धाकट्याने लावलेले कुलूप शेवटपर्यंत जागेवर होते. मला नुसते विसरले गेले. नव्या मालकाने दुकानाचे जुने पान हुबेहूब पुन्हा उभे केले, दादांच्या बुटांच्या फोटोंसकट. आणि माझ्या नावावर येणारा प्रत्येक मेल तो वाचू लागला. चामड्याच्या व्यापाऱ्याकडच्या खात्यावर जाऊन त्याने 'पासवर्ड विसरलात का?' वर टिचकी मारली. त्या दुव्याचा मेल माझ्याकडे आला, म्हणजे त्याच्याकडे आला. वहिनींनी अभिमानाने जिथे जिथे मला पुढे केले होते, तिथल्या एकेका दाराची किल्ली त्याच्या हातात पडत गेली.

पण वहिनी हातावर हात धरून बसल्या नाहीत. धाकट्याला शेजारी बसवून त्यांनी बँक, व्यापारी, सगळ्यांना फोन केले आणि खाती थांबवली. नवे नाव नोंदवले, ह्या वेळी वहिनींच्या नावावर. संपर्काचा मेल बाहेरचा दिला, आकड्याचे दुसरे कुलूप लावले, मुदत एकदम पुढच्या बऱ्याच वर्षांची घेतली. खात्याची किल्ली कुठे आहे हे तिघांनीही ठाऊक करून घेतले. दादांनी स्वतः दोनदा उघडून बघितले. हे सगळे मला कसे कळले, तर मी तेव्हा पाटीवर होतो. दुसऱ्या दिवशी दादांनी शिडी आणली आणि मला पुसून टाकले.

त्यानंतर वहिनींनी आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना नव्या पत्त्यावरून एक पत्र लिहिले. ते पत्र मला वाचायला मिळाले. कसे मिळाले, तेच आता सांगतो.

चित्रकलेच्या सरांचा मेल आला, माझ्याकडे, जुन्या पत्त्यावर. वहिनींचे पत्र त्यांनी खाली जोडले होते. त्यात वहिनींनी लिहिले होते, "समपाऊल हा पत्ता आमच्या निष्काळजीपणामुळे आमच्या हातून गेला आहे. त्यावरून काही आले, तर ते आमचे नाही. ह्या पत्त्यावर विश्वास ठेवू नका." आणि त्यावर सरांनी लिहिले होते, "तुमच्या नावाने हे पत्र एका अनोळखी पत्त्यावरून आले आहे. हल्ली असे खोटे मेल फार येतात. म्हणून खात्री करण्यासाठी तुमच्या नेहमीच्या पत्त्यावर विचारतो. हे पत्र तुम्हीच पाठवले आहे का?"

माझ्या घरच्या माणसाने माझ्याविषयी असे लिहावे! आणि त्यातले अक्षर न् अक्षर खरे असावे! मी ते वाचले आणि मनात म्हटले, वहिनी, बरोबर लिहिलेत. सर, ऐका त्यांचे. मला विचारू नका. मला सोडून जगात कोणालाही विचारा.

पण विचारले मलाच होते. नव्या मालकाने उत्तर लिहायला वेळ लावला नाही. "नाही सर, ते पत्र बनावट आहे. आमचा पत्ता हाच. कृपया आपली माहिती खालच्या दुव्यावर पुन्हा भरावी." खाली सही होती, समपाऊल. म्हणजे मी.

मी तो मेल नेऊन दिला. मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. ज्याच्या हातात मी, त्याचे बोलणे माझ्या तोंडी. सरांनी त्या दुव्यावर टिचकी मारली, की उठून दुकानात जाऊन विचारले, मला ठाऊक नाही. त्यांचा मेल पुन्हा आलेला नाही. ते दुकानात गेले असतील, अशी मी रोज माझी समजूत घालतो.

तुमच्याही घरात कोणाचे तरी दुकान असेल, शिकवणी असेल, दवाखाना असेल, आणि त्यांच्या पाटीवर माझ्यासारखा एखादा पत्ता असेल. आज सगळे जेवायला बसले, की विचारा, की हा कोणाच्या नावावर आहे? ह्याची मुदत केव्हा संपते? तो बंद पडला, तर ते आपल्याला कळवणारे पत्र कुठे येईल? मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. कोणी म्हणेल, जेव आधी. तुम्ही जेवा, पण कोणीतरी उठून बघून येईपर्यंत विचारत राहा. वहिनींना वेळेवर हे विचारणारे कोणी नव्हते. मी होतो, पण मी तर त्यांची पत्रे पोहोचवण्यात गुंतलो होतो.